घमेलं, चावी आणि पगार : शब्दांचं मूळ गाव शोधणारे मोन्सिन्योर दालगादो



आज एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. त्याआधी एक छोटी गोष्ट करा. आपल्या सिहोऱ्याच्या बाजारातून किंवा एखाद्या घराच्या बांधकामावरून चक्कर मारा आणि कानावर पडणारे शब्द मनात टिपून घ्या. मिस्त्री घमेलं मागतो. बाई बादली भरून आणते. कुणी चाबी विसरला म्हणून परत घरी पळतो. कुणाचा पगार अजून झालेला नसतो. चहासोबत पाव असतो, पोळीचं पीठ परातीत मळलं जातं आणि दाराची बिजागरी कुरकुरत असते.

हे सगळे शब्द आपले. आजी वापरायची, आपण वापरतो, मुलं वापरतात. पण यातला प्रत्येक शब्द समुद्रावरून आलेला आहे, असं मुलांना सांगून बघा. भंडारा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आपल्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलेलाही नाही. मग पोर्तुगालच्या जहाजातून उतरलेला शब्द तुमसर तालुक्यातल्या धानाच्या बांधापर्यंत कसा पोचला?

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर, आणि फार कष्टाने, सोडवला ते मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो. गोव्याच्या खेड्यात जन्मलेला, कोकणी बोलणारा मुलगा पुढे लिस्बन विद्यापीठात संस्कृतचा प्राध्यापक झाला. पन्नासेक आशियाई भाषांत पोर्तुगीज शब्द कुठे कुठे गेले, याचा हिशोब त्यांनी मांडला. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव सहसा येत नाही, म्हणून हा लेख.

जिथे घरच्या भाषेला मान नव्हता

दालगादो यांचा जन्म ८ मे १८५५ रोजी गोव्यातल्या बार्देश भागात, आसगाव इथे झाला. घर शिकलेलं होतं. त्यांचे बंधू दानिएल हे डॉक्टर होते आणि वनस्पतींचे अभ्यासकही होते. गोवा आणि सावंतवाडीच्या वनस्पतींवर त्यांचं पुस्तक आहे.

त्या काळच्या गोव्यातल्या मुलाभोवती किती भाषा होत्या बघा. घरात कोकणी, कचेरीत पोर्तुगीज, चर्चमध्ये लॅटिन, आणि शेजारीपाजारी, व्यापारात, हिंदू समाजाच्या लिहिण्या-वाचण्यात मराठी. यातली घरची भाषा मात्र सगळ्यात खाली धरलेली. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तर हुकूमच काढला होता की लोकांनी स्थानिक भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. हुकमाने भाषा मरत नाही. कोकणीही मेली नाही, ती स्वयंपाकघरात आणि शेतात टिकली. पण शिकलेल्या माणसाला आपल्या आईची भाषा बोलायला लाज वाटावी, एवढं काम त्या हुकमाने आणि त्यानंतरच्या दोन शतकांनी नक्की केलं.

दालगादो तीन वर्षांचे असताना, १८५८ साली, गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारचे सचिव कुन्या रिव्हारा यांनी कोकणी भाषेच्या इतिहासावर निबंध लिहिला आणि या भाषेची उपेक्षा झाली हे उघड मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांचं जुनं कोकणी व्याकरण पुन्हा छापून काढलं होतं. फादर स्टीफन्स म्हणजे मराठीत क्रिस्तपुराण लिहिणारे तेच. त्यांचं ते व्याकरण १६४० साली राशोल इथे छापलं गेलं होतं. आणि योगायोग असा की दालगादो यांचं धर्मशिक्षण याच राशोलच्या सेमिनरीत झालं.

धर्मगुरू, आणि कायमचा विद्यार्थी

१८८१ साली ते धर्मगुरू झाले. पुढे रोमला जाऊन त्यांनी चर्चच्या कायद्याचा उच्च अभ्यास केला. परत आल्यावर कामाच्या निमित्ताने त्यांना खूप फिरावं लागलं. सिलोन, कोलकाता, ढाक्याजवळचं नागोरी, उत्तर कानडातलं होनावर. आपल्यापैकी ज्यांच्या दूरदूर बदल्या झाल्या आहेत त्यांना हे चांगलं समजेल. नवीन गाव, नवीन माणसं, बोली कळत नाही, आणि काम तर लगेच सुरू करायचं असतं.

दालगादो प्रत्येक ठिकाणी तिथली भाषा शिकले. बंगालीही शिकले, कन्नडही शिकले, सिंहलीही शिकले. लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, हा कामाचा भाग होता. पण त्यांचा कान वेगळा होता. बंगालात चावीला चाबी म्हणतात, सिलोनमध्ये रोजच्या वापरात ओळखीचे पोर्तुगीज शब्द सापडतात, कानडी मुलखातही तसंच. सामान्य माणूस हे ऐकून गंमत वाटली म्हणून सोडून देतो. यांनी ते लिहून ठेवायला सुरुवात केली.

१८९३ साली त्यांचा पहिला मोठा ग्रंथ आला, कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश. तो छापला गेला मुंबईत, इंदुप्रकाश छापखान्यात. एका ख्रिस्ती धर्मगुरूचा कोकणी कोश, आणि छापखाना मराठी सुधारकांच्या वर्तुळातला. यातली आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. गोव्यातले ख्रिस्ती लोक कोकणी रोमन लिपीत लिहीत असत. दालगादो यांनी कोशातले शब्द देवनागरीत दिले आणि शेजारी रोमन लिप्यंतर दिलं.

असं का केलं असेल? साध्या रोमन लिपीत त आणि ट दोघांनाही एकच अक्षर. न आणि ण दोघांनाही एकच. देवनागरीत हे उच्चार वेगळे दिसतात आणि शब्दाचं संस्कृतशी असलेलं नातंही डोळ्यांना दिसतं. ज्या भाषेला लोक अडाण्यांची बोली समजत होते, तिला मूळ आहे, व्याकरण आहे, इतिहास आहे, हे कोशाच्या प्रत्येक पानावर सिद्ध होत होतं. भांडण न करता, फक्त काम करून.

लिस्बनमधला संस्कृतचा वर्ग

१८९५ साली ते लिस्बनला गेले आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच गेलं. १८९७ मध्ये त्यांनी हितोपदेशाचं पोर्तुगीज भाषांतर प्रसिद्ध केलं. १९०५ मध्ये पोर्तुगीज-कोकणी कोश आला. १९०७ साली लिस्बनच्या उच्च साहित्य-शिक्षण संस्थेत ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. १९११ मध्ये हीच संस्था लिस्बन विद्यापीठाची साहित्य शाखा बनली. म्हणजे ज्या देशाच्या राज्यकर्त्यांनी कधीकाळी कोकणी सोडा असं फर्मान काढलं होतं, त्याच देशाच्या राजधानीत एक कोकणी माणूस विद्यापीठात संस्कृत शिकवू लागला.

त्याच वर्षांत त्यांनी आणखी एक काम केलं. पोर्तुगीज जिथे जिथे राहिले तिथे त्यांची भाषा आणि स्थानिक भाषा मिसळून नव्या बोली तयार झाल्या होत्या. सिलोन, गोवा, दमण, आणि ज्याला पोर्तुगीज उत्तर प्रांत म्हणत तो मुंबईभोवतीचा प्रदेश. या बोलींना लोक मोडकी पोर्तुगीज म्हणत. दालगादो यांनी १९०० ते १९१७ या काळात एकेका बोलीवर अभ्यास प्रसिद्ध केले. तिच्यात क्रियापद कसं चालतं, अनेकवचन कसं होतं, शब्द कुठले. मोडकी समजली जाणारी बोलीही स्वतःच्या नियमांनी चालते, हे त्यातून दिसलं.

ही गोष्ट संपलेली नाही बरं का. आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याजवळ कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलली जाते. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज विभागातले प्राध्यापक क्लेमेंट्स यांनी या बोलीवर संशोधन केलं आणि १९९६ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. स्पॅनिश विभागातला प्राध्यापक कोकणातल्या गावातली बोली शिकायला येतो, याचं आपल्याला नवल वाटतं. पण या प्रकारच्या अभ्यासाचा पाया दालगादोंसारख्यांनी घालून ठेवला होता.

शब्दांची चौकशी कशी करायची?

१९१३ साली त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ निघाला. आशियातल्या सुमारे पन्नास भाषांवर पोर्तुगीज शब्दांचा प्रभाव, असा त्याचा विषय. त्यात मराठीही आहे. रोजच्या वापरातले काही शब्द बघा. अशी यादी वर्गात फळ्यावर लिहायला सोपी जाते.

- पगार : पोर्तुगीज पागार, म्हणजे पैसे देणे
- घमेलं : गामेला, लाकडी मोठं भांडं
- बादली : बाल्दे
- पाव : पांव
- मिस्त्री, मेस्त्री : मेश्त्रे, म्हणजे उस्ताद
- कोबी : कोव्ह
- लिलाव : लेइलांव
- नाताळ : नाताल
- फीत : फिता
- हापूस : आफोन्सो हे पोर्तुगीज नाव

पण नुसती यादी म्हणजे संशोधन नाही. चौकशी कशी करायची ते चावी या शब्दावरून बघू. लॅटिनमध्ये चावीला क्लाविस. लॅटिनच्या दोन लेकी, स्पॅनिश आणि पोर्तुगीज. स्पॅनिशमध्ये या शब्दाचं झालं यावे, तर पोर्तुगीजमध्ये आज म्हणतात शाव. मग आपल्याकडे च कुठून आला? तर सोळाव्या शतकात, पोर्तुगीज भारतात आले तेव्हा, ते या शब्दाचा उच्चार च नेच करत. पुढे त्यांच्या राजधानीत च चा श झाला. आपल्या तोंडात मात्र जुना च राहिला. म्हणजे लिस्बनचा माणूस जे विसरला ते सिहोऱ्यातल्या आजीने सांभाळून ठेवलं. मुलांना हे सांगा, त्यांचे डोळे कसे चमकतात बघा.

तसंच पाव. स्पॅनिशमध्ये पान, पोर्तुगीजमध्ये नाकात उच्चारलेला पांव. आपला शब्द कोणत्या बहिणीकडून आला हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

आता काळजी घेण्याची जागा. दिसायला सारखा शब्द म्हणजे तिथूनच आला, असं नसतं. टेबलाला पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्हींत मेझा किंवा मेसा म्हणतात, पण फारसीतही मेज आहे. साबणाला पोर्तुगीजमध्ये साबांव, पण अरबीतही साबून आहे. अशा वेळी शब्द आपल्या जुन्या लिखाणात कधी दिसतो, कोणत्या मार्गाने आला असावा, हे तपासावं लागतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शब्दांच्या गमतीजमती आणि खरा अभ्यास यांत फरक आहे तो इथेच.

काही शब्दांचा प्रवास तर आणखी लांबचा. बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. तो स्पॅनिश खलाशांनी उचलला, त्यांच्याकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. तंबाखूचं मूळही स्पॅनिश लोकांनी त्याच भागात ऐकलेल्या शब्दात आहे. ज्या भंडारा-गोंदियात विडीच्या धंद्यावर किती घरं चालली, तिथल्या मुलांना हे माहीत असायला हवं.

आणि एक मजा. आपण घरी बटाटा म्हणतो का? नाही, आलूच म्हणतो. पेरूला जांब म्हणतो. बटाटा आपल्याकडे येतो तो पाठ्यपुस्तकातून. म्हणजे किनाऱ्यावरून निघालेले काही शब्द आपल्यापर्यंत आले आणि काही वाटेतच थांबले. पगार आला, घमेलं आलं, बटाटा राहिला. का? विचारा मुलांना. सरकारी नोकरी, रेल्वे, बांधकाम, उत्तरेकडून येणारा भाजीचा व्यापार, हिंदीचा शेजार, अशी कितीतरी उत्तरं मिळतील. प्रत्येक उत्तर तपासून बघता येईल.

पाय गेले, काम थांबलं नाही

दालगादो यांच्या आयुष्याची शेवटची वर्षं फार कठीण होती. आजारपणामुळे त्यांना दोन्ही पाय गमवावे लागले. ज्या माणसाने सिलोनपासून बंगालपर्यंत पायाखाली घातलं, तो खुर्चीला खिळला. आता ग्रंथालयांत फिरणं नाही, जहाजाचा प्रवास नाही, गोव्याला परतणं तर दूरच.

आणि त्यांची काही सर्वांत मोठी पुस्तकं याच काळातली आहेत. १९१६ मध्ये नल-दमयंतीच्या कथेचं भाषांतर. १९२० मध्ये संस्कृतची प्राथमिक ओळख करून देणारं पुस्तक. आणि १९१९ व १९२१ साली दोन खंडांत कोइंब्राहून निघालेला आशियाई शब्दांचा मोठा कोश.

हा कोश नीट समजून घ्या. १९१३ च्या पुस्तकात पोर्तुगीजांनी आशियाला कोणते शब्द दिले ते होतं. ते वाचून पोर्तुगालच्या लोकांना अभिमान वाटला असणार. या कोशात त्यांनी बाजू उलटी मांडली. पोर्तुगीज भाषेने आशियाकडून काय काय घेतलं? आंब्यासाठी मांगा हा शब्द दक्षिण भारतातून घेतला. तराफ्यासाठीचा जंगादा मल्याळममधून. असे किती तरी शब्द, आणि शब्दासोबत जुन्या इतिहासकारांच्या व प्रवाशांच्या लिखाणातले दाखले. राज्य करणारा फक्त देतो आणि ज्याच्यावर राज्य केलं तो फक्त घेतो, ही समजूत या दोन पुस्तकांनी मिळून खोडून काढली. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती, आणि हिशोब त्यांनी दोन्ही बाजूंचा लिहिला.

१९२२ साली त्यांनी जमवलेल्या कोकणी म्हणींचं पुस्तक प्रसिद्ध झालं. लिस्बनमध्ये, पाय गमावून बसलेला माणूस, आणि कामाला घेतल्या होत्या गावाकडच्या म्हणी. आसगावच्या अंगणात ऐकलेलं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी लिस्बनमध्येच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या १९१३ च्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर बडोद्याचे प्राध्यापक आंतोनियु शाव्हियेर सुआरिश यांनी केलं आणि १९३६ साली बडोद्याहून ते प्रसिद्ध झालं. त्यामुळे आपल्याकडच्या अभ्यासकांना ते वाचता आलं. ज्या कोकणीसाठी ते झटले ती १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. गोव्यात त्यांच्या नावाने कोकणी अकादमीही आहे. ती रोमन लिपीतल्या कोकणीसाठी काम करते, तर दालगादोंचा पहिला कोश देवनागरीत होता. म्हणजे दोन्ही लिप्यांचे लोक त्यांना आपलं मानू शकतात.

आपल्या वर्गासाठी यात काय आहे?

आता मनातलं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने निबंधात डोळ्याला डोरा लिहिलं होतं. मी लाल पेनाने खोडलं, वर्गासमोर वाचून दाखवलं, सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर तो मुलगा निबंध लिहायचा, पण दोन-तीन ओळींचाच. ज्या शब्दांची खात्री नाही ते लिहायचंच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. माझ्या हे फार उशिरा लक्षात आलं.

डोरा ही चूक नव्हती. आपल्या झाडीबोलीत ळ च्या जागी र येतो, ण च्या जागी न येतो, आणि हे नियमाने येतं. काळा म्हणजे कारा, डोळा म्हणजे डोरा. नियमाने होतं त्याला अशुद्ध म्हणत नाहीत, त्याला बोली म्हणतात. प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे, परीक्षेला आणि पुढच्या आयुष्याला ती लागते, यात वाद नाही. पण ती शिकवताना घरची बोली हसण्याची वस्तू करायची गरज नव्हती. १६८४ चा तो हुकूम वाचून आपल्याला राग येतो. लाल पेन हातात असलेला शिक्षकही कधीकधी तसाच छोटा हुकूम काढत असतो.

आपल्या भागातही अभ्यासकांनी झाडीबोलीचा कोश केला आहे, झाडीबोलीची साहित्य संमेलनं होतात. म्हणजे वाट आहे. वर्गात आपण हे करून बघू शकतो:

- घरचा शब्दकोश : प्रत्येक मुलाने आजी-आजोबांकडून दहा शब्द आणायचे. शेजारी प्रमाण मराठी शब्द लिहायचा. कुणाच्या घरी झाडीबोली असेल, कुणाच्या घरी पोवारी, कुणाच्या घरी हिंदी. सगळ्यांचे शब्द एकाच वहीत.
- नियम शोधा : जमलेल्या शब्दांत कोणतं अक्षर कशात बदललं, ते मुलांनीच शोधायचं. उत्तर आपण आधी सांगायचं नाही.
- पाहुणे शब्द : वरच्या यादीतला एक शब्द घेऊन तो घरात, शेतात, बाजारात कुठे वापरतात ते टिपायचं.
- म्हणींची वही : ऐकलेली म्हण, कुणी सांगितली, कधी वापरतात, एवढं लिहायचं. वर्षअखेरीस वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची.

पालकहो, तुमच्यासाठी एकच विनंती. मूल घरी विचारायला आलं तर हे काय गावठी शब्द लिहून नेतोस, असं म्हणू नका. बसा, सांगा. तुम्हाला आठवणारे शब्द तुमच्या आईचे आहेत, आणि ते लिहून ठेवणारं आज घरात कुणीतरी आहे.

माझ्या वर्गात हा शब्दकोश आता सुरू आहे. वहीचं पहिलं पान मी स्वतः लिहिलं आणि त्यावर पहिला शब्द घातला, डोरा.

तुमच्या वर्गातली वही सुरू झाली की कळवा.